रुमालाखाली पंचफुलाचा हात

कवठ्याच्या गुरांच्या बाजारात जो कोणी पहिल्यांदा जाई, त्याला वाटे की इथली माणसं एकतर मुकी आहेत, नाहीतर चोर. ढोरं हंबरायची, चहावाला ओरडायचा, पण ज्यांच्यात सौदा चाललेला असे ती दोन माणसं एकमेकांचा हात धरून गप्प उभी. हातांवर एक रुमाल टाकलेला. रुमालाखाली बोटं वळवळत असत आणि वर तोंडं अशी, की जणू दोघं मयतीला आलेत. मग एक जण मान हलवी, दुसरा आभाळाकडं बघे, आणि शेवटी बैलाच्या पाठीवर थाप पडे. झाला सौदा. केवढ्याला झाला, ते बैलालाही कळत नसे.

ही थाप मारणारा माणूस म्हणजे दलाल. आधी विकणाऱ्याचा हात रुमालाखाली धरायचा आणि त्याची बोटं वाचायची. मग घेणाऱ्याचा हात धरायचा. असं इकडून तिकडं करत दोघांना एका बोटावर आणायचं. तोंडानं भाव बोलला तर शंभर कान ऐकतात आणि शंभर तोंडं फाटे फोडतात, म्हणून ही रीत. आणि रीतीचा एकच कायदा: रुमालाखाली बोललेलं रुमालाबाहेर मोडायचं नाही.

उदगीरहून देवणीकडं जाताना हे कवठा लागतं. पंचफुलाचा बाप निवृत्ती तिथला दलाल. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानंही ठरवलं की गावची मेलेली ढोरं आता ओढायची नाहीत. गावाला ते फार जड गेलं. पाटील म्हणाले, "मग खाशील काय रे, निवृत्ती?"

"मेलेल्या ढोराला हात लावणार न्हाई म्हणालो, मालक," निवृत्ती म्हणाला. "जित्याला न्हाई म्हणालो का?"

आणि पुढच्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारच्या बाजाराला, खांद्यावर रुमाल टाकून जाऊन उभा राहिला.

आता गंमत बघा. हॉटेलात निवृत्तीचा कप वेगळा असायचा. बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. पण रुमालाखाली त्याचा हात भलेभले धरायचे. एकतर बैल ओळखावा तो निवृत्तीनं. दुसरं म्हणजे रुमालाखाली कुणाचा हात कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही, आणि गावाचा हिशेब असा, की जे दिसत नाही ते विटाळत नाही. रुमाल काढला की जात आपली परत येऊन जागेवर बसायची, बाहेर गेलेल्या कुत्र्यासारखी.

पंचफुला ही निवृत्तीची एकुलती एक. तिची माय लवकर गेली. चुलीपुढं बसून पोरगी एका हातानं भाकरी थापायची आणि दुसरा हात बापाच्या रुमालाखाली द्यायची. बाप बोटं दाबायचा, ती ओळखायची. चुकली की बाप म्हणायचा, "गेला बैल." बरोबर आलं तर काहीच म्हणायचा नाही. अशी ती शिकली.

पुढं तिला नायगावकडं दिली आणि चौथ्या महिन्यात ती परत आली. झालं, कवठ्याला चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणालं नवरा पितो, कुणी म्हणालं सासू खाष्ट, कुणी म्हणालं पोरगीच तसली, आणि मग सांगणारा डोळा मिचकावी. खरं कारण इतकं साधं होतं की कुणी ऐकूनच घेईना. नवऱ्यानं बाजारातून बैल आणला. हिनं त्याचा जबडा उघडला आणि चारचौघांत म्हणाली, "दात कानशीनं घासलेत याचे. म्हातारा बैल तुमच्या गळ्यात बांधला कुणीतरी." नवऱ्यानं चारचौघांतच तिच्या कानाखाली ठेवून दिली. तिनं पदर खोचला आणि चालत फाट्यावर आली. यात तिचा गुन्हा एवढाच, की बैल खरोखरच म्हातारा होता.

परत येऊन वर्ष झालं असेल, एका पहाटे निवृत्तीचा उजवा हात उठेना. वारं गेलं अंगावरून. आता दलालाचा उजवा हात गेला म्हणजे काय उरलं? तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

"बा, रुमाल मी घेऊन जाते," पंचफुला म्हणाली.

"हसतील तुला."

"हसू दे. पाऊस न्हाई, पाणी न्हाई, हसू तरी दे लोकायला."

लोक हसलेच. बायका बाजारात जात, पण शेण वेचायला, नाहीतर भजी तळायला. बाई रुमाल घेऊन उभी, आणि वर म्हणते पुरुषांनो हात द्या. बाजारातला मोठा दलाल नरसिंग. मिशा अशा, की त्यांवर रुमाल वाळत घालावा. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काय गं पंचे, कुणाचा हात धरून पळून जायचा इरादा हाय?"

"पळायला दमाचा बैल लागतो, नरसिंगदादा," पंचफुला म्हणाली. "तुझ्या दावणीचे तर चालून बी न्हाई राहिले."

हशा पिकला, पण हात काही पुढं आला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या बाजारी नाही. बाप बाभळीखाली बसून असायचा, पोरगी रुमाल घेऊन उभी असायची. संध्याकाळी दोघं परत जायची. वस्तीतले लोकही म्हणू लागले, की पोरीचा नाद सोडव बाबा, खुरपायला जाऊ दे.

पहिला हात आला तो शिवम्माचा. शिवम्मा कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावची, लिंगायताची विधवा. घरात देवणी जातीची ढोरं होती. पण परपुरुषाच्या हातात हात कसा द्यावा? म्हणून दर वेळी दिराला पाठवायची, आणि दीर येताना अर्धा भाव तोंडात घेऊन यायचा, अर्धा खिशात. या खेपेला ती स्वतःच आली होती. पांढराशुभ्र बैल, तोंड तेवढं काळं. अशाला तिकडं वानेरा म्हणतात. बैलाचा कासरा मुठीत गच्च धरून ती उकिडवी बसली होती, आणि विकायचा कसा हे तिला कळत नव्हतं.

पंचफुला जवळ गेली. "शिवम्माअक्का, बाईच्या हातात हात द्यायला काय हरकत हाय?"

शिवम्मानं तिला खालून वर पाहिलं. "कुणाची गं तू?"

"निवृत्तीची."

शिवम्माला कळायचं ते कळलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. एका पारड्यात पोरीची जात, दुसऱ्या पारड्यात दिराची नियत. बराच वेळ गेला.

"रुमाल मोठा हाय ना?" शिवम्मानं विचारलं.

"लई मोठा हाय."

"मग आण इकडं."

आणि अख्ख्या बाजारासमोर दोन बायकांचे हात एका रुमालाखाली गेले. चहावाल्याचं दूध उतू गेलं म्हणतात. ते त्याचं रोजच जायचं, पण त्या दिवसाचं लोकांच्या लक्षात राहिलं.

तो बैल हवा होता संगप्पाला. संगप्पा म्हणजे बाजाराचा ठेकेदार, कापडाचा व्यापारी. त्याला सगळे अप्पा म्हणत. त्याच्याकडं याच बैलाचा जोड बांधलेला होता, रंगानं, शिंगानं, उंचीनं तंतोतंत. एकटा बैल म्हणजे चप्पल एका पायाची. दुसरा मिळाला तर पोळ्याला आख्खं गाव बघायला येणार. पण बैलापाशी जायचं तर पंचफुलाच्या हातातून जायचं होतं.

अप्पा सकाळच्या पूजेत सगळी माणसं शिवाचीच म्हणायचा. पूजा सकाळी असते आणि बाजार दुपारी. त्यानं युक्ती काढली. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक हाताला दोन वेढे गुंडाळलं, आणि तो बोचका झालेला हात रुमालाखाली घातला. म्हणजे सौदाही होईल आणि कातडीला कातडीही लागणार नाही.

पंचफुलानं तो तसाच धरला. उपरण्यातून जेवढी बोटं लागली तेवढी तिनं वाचली, शिवम्माच्या हाताला जाऊन सांगितली, शिवम्मानं घाईघाईनं मान हलवली, आणि बैलाच्या पाठीवर थाप पडली. मग बाजूला नेऊन तिनं अप्पाच्या कानात आकडा सांगितला.

"पाच?" अप्पा उडालाच. "मी चार बोटं दिली होती."

"माझ्या हाताला पाच लागली, अप्पा. एक उपरण्याचं असेल."

अप्पानं नरसिंगला हाक मारली. वाटलं, तो आपल्या बाजूनं बोलेल. नरसिंगला पंचफुला डोळ्यात सलत होती, पण धंदा त्याहून मोठा. आज हा सौदा मोडला तर उद्या त्याचे सौदे मोडणार. मिशीवर हात फिरवत तो म्हणाला, "अप्पा, थाप पडली. आता काय? रुमालाखाली हात घालायचा तर उघडा घालावा."

बाजारात पुढं महिनाभर हीच गोष्ट. पोरं हाताला फडकं गुंडाळून एकमेकांना पाच बोटं दाखवायची. पंचफुलाला खरंच पाच लागली होती की चार, यावर तर पैजा लागल्या. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही, बापालाही नाही. पण त्यानंतर जो आला त्यानं उघडा हात दिला. कारण आसपासच्या गावच्या विधवा, टाकलेल्या, नवरा मुंबईला गेलेल्या अशा सगळ्या बायका आपली जनावरं घेऊन पंचफुलाकडं येऊ लागल्या, आणि त्यांच्या दावणीला चांगला माल होता. अप्पाही पुढं उघड्या हातानं आला. आला तो कुरकुरत, पण आला.

दोन वर्षं तिनं रुमाल चालवला. बाजारात शिरली की नरसिंगसुद्धा "आली बघा आमची सासू" म्हणून जागा करून द्यायचा. तिच्या आयुष्यातलं सुख एवढंच. ते इथं संपतं, म्हणून जरा रेंगाळून सांगितलं.

मग बहात्तर साल आलं. आधीची दोन सालं पावसानं नुसती हुलकावणी दिली होती. या साली तो फिरकलाच नाही. निवृत्ती त्या उन्हाळ्यात गेला. बाजारात आता ढोरंच ढोरं. विकणारे सगळे आणि घेणारा कुणी नाही. दूरच्या शहरांतून ट्रक यायचे, ते खाटकांचे. ती माणसं रुमालाखाली हात घालायची नाहीत. ढोरांच्या घोळक्याकडं एक नजर टाकून तोंडानंच भाव ओरडायची, सगळ्यांना ऐकू जाईल असा. लपवायचं ते काय आता? शिवम्मा एक गाय घेऊन आली होती, हाडांवर कातडं टाकलेली. पंचफुलानं रुमाल काढला, तर शिवम्माच म्हणाली, "राहू दे गं यव्वा. झाकून काय करायचं." गाय ट्रकात चढवायला चार माणसं लागली, कारण तिला पाय उचलता येत नव्हता.

काही लोकांना ट्रकात घालायचं जिवावर आलं. ते जनावराचा कासरा सोडून, मागं न बघता निघून गेले. ती ढोरं बाजारातच हिंडायची आणि बाजारातच पडायची. वास सुटला. अप्पानं पंचफुलाला बोलावलं. नरसिंग होता, पाटील होते, बरेच जण होते.

"पंचफुला, वस्तीत सांग," अप्पा म्हणाला. "पडलेली ढोरं ओढून माळाच्या पलीकडं टाका म्हणावं."

"ते काम आमी सोडलंय, अप्पा. बाच्या वेळेपास्नं."

"ठाऊक हाय. पण वखत कसला हाय ते बघ. रोगराई येईल. सगळ्या गावावर आलेलं संकट हाय हे."

"सगळ्या गावावर आलंय ना?" पंचफुला म्हणाली. "मग सगळं गाव ओढू. मी एक पाय धरते, दुसरा तुमी धरा."

कुणी खोकलं. पाटलांना एकदम आठवलं की घरी काम आहे. अप्पाच्या तोंडावरून घाम गळत होता. तो वाईट माणूस होता असं नाही. वाईट असता तर पुढचं वाक्य बोलताना त्याची नजर खाली गेली नसती.

"ओढायची नसतील तर बेस्तरवारी रुमाल घेऊन यायचं न्हाई," तो म्हणाला. "बाजार माझ्या ठेक्याचा हाय."

पंचफुलानं नरसिंगकडं पाहिलं. धंद्याची बाजू घेणारा हा माणूस आज आपल्या वहाणांकडं बघत होता. ती म्हणाली, "बरं," आणि निघाली.

घरी येऊन ती बसून राहिली. आत काय चाललं होतं ते तिचं तिला. रुमाल गेला, म्हणजे परत दुसऱ्याच्या शेतात खुरपं. आणि शेतात तर खुरपण्यासारखंही काही उगवलेलं नव्हतं. पण बापानं एक गोष्ट सोडली होती आणि दुसरी धरली होती. सोडलेली परत धरून, धरलेली कशी राखायची?

सकाळी ती पाण्याच्या टँकरकडं निघाली तेव्हा बाजाराच्या मैदानातून माळाकडं गेलेले फरफटल्याचे पट्टे तिला धुळीत दिसले. एकेक पट्टा ढोराच्या रुंदीचा. वाटेतच लिंबाजी भेटला, तिचा चुलतभाऊ. त्याच्या खांद्यावर दोराचा वळ होता आणि काखेत ज्वारीचं बोचकं.

 तोच म्हणाला, "पोरं हायत माझी, पंचे."

"हाव," ती म्हणाली.

"तुला न्हाईत."

"हाव, लिंबाजीदादा. जा. भाकरी करा."

दुपारपर्यंत वस्तीतले आणखी चौघे गेले. त्यातला एकजण छप्पन साली निवृत्तीच्या शेजारी उभा राहून शपथ घेतलेला. आठवड्यात मैदान साफ झालं. पंचफुलाच्या नकारानं एकही ढोर बाजारात पडून राहिलं नाही. बाजारातून गेली ती एकटी पंचफुला.

तिनं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथं मिळणारी सुकडी खाल्ली, जगली. त्र्याहत्तरला पाऊस आला. हळूहळू बाजार भरू लागला, रुमाल पुन्हा निघाले. तीही आली. अप्पा तिला आत येऊ देईना, तर कुंपणाबाहेर बाभळीखाली उभी राहिली. शिवम्मा आपणहून तिच्याकडं आली, हात दिला, एक गोऱ्हा विकला. पण कुंपणाबाहेरच्या सौद्याला ठेकेदाराची पावती मिळत नाही. पावतीशिवाय घेणाऱ्याला नाक्यावर अडवलं, चोरीचं जनावर म्हणून. संध्याकाळी गोऱ्हा परत शिवम्माच्या दारात.

"पोरी, माझ्यानं आता न्हाई होत," शिवम्मा म्हणाली. आणि पुढच्या खेपेपासून दिराला पाठवू लागली. तिच्यामागं बाकीच्या बायकाही एकेक करत दिराकडं, भावाकडं, मेव्हण्याकडं गेल्या. अर्धा भाव तोंडात, अर्धा खिशात. जसं होतं तसं झालं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. केवढा गाजावाजा झाला त्याचा. आता उस्मानाबादचे हेलपाटे नकोत, साहेब जवळ आला, जो तो आपलं गाठोडं घेऊन लातूरला. पंचफुलाही गेली. एका कचेरीत एक तरुण साहेब भेटला. तिनं जय भीम केला, त्यानंही केला, आणि तिला खुर्चीवर बसवून चहा मागवला. दोघांना सारखेच कप. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, हा अन्याय आहे," तो म्हणाला. "मी माणूस पाठवतो."

माणूस आला. अप्पाच्या घरी उतरला, तूप घालून पुरणाची होळगी खाल्ली, बाजार छान चालला आहे असं म्हणाला आणि गेला. पंचफुला परत लातूरला गेली तेव्हा साहेबांची बदली झाली होती, लांब, गडचिरोलीला. तोही तेव्हा नवा जिल्हाच. त्या जागी जो बसला होता त्यानं विचारलं, "कसला रुमाल?" तिनं सांगायला सुरुवात केली, आणि निम्म्यावर तिच्याच लक्षात आलं की हे सांगून कळण्यासारखं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी पुन्हा पावसानं ओढ दिली. ढोरांच्या फासळ्या पुन्हा दिसू लागल्या. एका बेस्तरवारी अप्पा काठी टेकत कुंपणाबाहेर आला. म्हातारा झाला होता. बाभळीखाली पंचफुला होती. तिचेही केस पिकले होते. 

"उगा हट्ट केलास, पोरी," अप्पा म्हणाला. "काय मिळालं तुला? शेवटी तुझ्याच लोकांनी ओढली ना?"

"त्यांनी ओढली, अप्पा. मी न्हाई."

"त्यानं काय फरक पडला?"

पंचफुलानं विचार केला. तिला खोटं बोलता आलं असतं, पण अप्पाशी खोटं बोलावं एवढीही आता तिला गरज वाटली नाही.

"काहीच न्हाई पडला," ती म्हणाली.

"मग ये की आत. चारचौघांत म्हण, चुकलं माझं. मी बी म्हातारा झालो, तू बी झालीस. पावती फाडायला सांगतो तुझ्या नावानं."

आतून नरसिंगचा आवाज येत होता, कुणाच्या तरी बैलाची तारीफ करणारा. पंचफुलानं रुमाल झटकला आणि दुसऱ्या हातावर घेतला.

"तुमी दुसरा पाय धरला असता," ती म्हणाली, "तर मी म्हणाले असते."

अप्पा वळला. काठी टेकत फाटकाकडं गेला. तो आत गेल्यावर फाटक लावून घेतलं गेलं. ऊन उतरेपर्यंत पंचफुला तिथंच उभी राहिली. माणसं जनावरं घेऊन समोरून जात होती आणि वाट जरा वाकडी करून पलीकडून जात होती. त्या बेस्तरवारी तिच्या हातात कुणी हात दिला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.